कोरड्या समुद्राची पोथी

“अजून किती राहिली वं पोथी?”

गोदाबाईंनी वजनकाट्यावर उभं राहूनच विचारलं. पायातली चप्पल तशीच, हातातली पिशवी तशीच, आणि चौकशी पोथीची.

“लय राहिली, आजी. पयले चप्पल काढा. चपलेचं वजन बी पानी समजून काढू काय मशीनीतून?”

“लय म्हंजे किती?”

“लय म्हंजे लय. तालिन अजून मिठाच्या डोंगरापाशीच हाये. पुढचं सारंच बाकी हाये.”

“हं,” म्हणून त्यांनी चप्पल काढली आणि काट्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. त्यांच्या त्या बघण्याचा मला राग आला. तसा सकाळपासून सगळ्याचाच राग येत होता म्हणा. वॉर्डातला मशीनना पाणी देणारा प्लांट दोनदा बंद पडून कसाबसा सुरू झाला होता, आमचा टेक्निशियन नितेश उशिरा उगवला होता, एक मशीन उगाचच केकाटत होतं. त्यात ही म्हातारी आल्या आल्या जाब विचारणार.

पण रागाचं खरं कारण ते नव्हतं. मी खोटं बोलले होते. गेल्या पावसाळ्यापासून दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी मी त्या बाईशी खोटंच बोलत होते.

मी पौर्णिमा गवई. अकोल्यात एका धर्मादाय दवाखान्यात डायलिसिसच्या वॉर्डात सिस्टर आहे. माहेर चांदूर बाजारचं. नवरा अमरावतीला नोकरीला, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटेच पळतो, त्यामुळे घर, सासू आणि पोरीची दहावी माझ्याच गळ्यात. फटकळ आहे, हे माझ्याबद्दल कुणीही सांगेल. ज्यांच्या किडन्या बसल्या त्यांना आठवड्यातून दोनदा चार-चार तास यंत्राला जोडायचं, अंगात साठलेलं पाणी काढायचं, रक्त धुऊन परत अंगात सोडायचं, हे माझं काम. या वॉर्डातून बरं होऊन कुणी जात नाही. माणसं येतात, येत राहतात, आणि मग एक दिवस येत नाहीत. गोड बोलून हे काम होत नाही, बाप्पा.

गोदाबाई गावंडे पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या. तिकडच्या विहिरीचं पाणी असं खारट, की डाळसुद्धा शिजत नाही. त्यांचा मुलगा गजेंद्र त्यांना घेऊन यायचा. सुरुवातीचे काही महिने त्या मुकाट्याने आल्या आणि मग एका मंगळवारी सुया टोचून घ्यायला हातच देईनात. “मी नाही येत आता. मले माह्या घरी मरू द्या. माह्या एकटीच्या जिवापायी पोरगं हप्त्यातून दोन दिवस वावर टाकून येते.” डॉक्टरांनी समजावलं. मी चांगलं झापलं. गजेंद्र बाहेर भिंतीला टेकून शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. म्हातारी काही ऐकेना.

शेजारच्या खाटेवर धर्मपाल तायडे होते. एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, उभी हयात अकोला-अमरावती रूटवर गेलेली. हा माणूस कायम एक जाडजूड पुस्तक छातीवर घेऊन पडलेला असायचा. ‘कोरड्या समुद्राची गाथा’. कुठल्याशा जगातला समुद्र आटतो आणि तिथली माणसं पळून गेलेल्या पाण्याच्या मागे समुद्राच्या तळावरून चालत निघतात, अशी ती गोष्ट. त्यात राजे, चेटकिणी, मिठाचे राक्षस, सहा पायांचे बैल, सगळा बाजार. लिहिणारा दूरच्या एका थंड देशातला गोरा म्हातारा. त्याचं नाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. मागच्या कव्हरवर मांडीवर मांजर घेतलेला त्याचा फोटो होता, म्हणून तायडेकाका त्याला मांजरवाला म्हणायचे.

पहिला खंड काकांना गाडीत सापडला होता. कुणीतरी सीटवर विसरून बडनेऱ्याला उतरून गेलं. काकांनी तो डेपोत जमा केला, न्यायला कुणी फिरकलं नाही, तेव्हा मूर्तिजापूरच्या थांब्यावर चहा पिता पिता यांनीच चार पानं चाळली आणि याड लागलं ते लागलंच. बायको सुंदराबाई सांगायची, की हे घरी जेवताना पोळीच्या घासाबरोबर राक्षस बोलतात. पुढचे खंड पुण्याच्या मुलाकडून, अश्विनकडून, मागवले.

तर त्या मंगळवारी गोदाबाईंची कुरकुर ऐकून काका म्हणाले, “माय, गप पडा ना जराशा. मी इकडे पोथी वाचून राहिलो.”

“कोनती?”

“मोठी हाये. सात खंडाची.”

थट्टा होती हो ती. पण गोदाबाईंनी हात जोडून कपाळाला लावले. आता याला काय म्हणावं! त्यांच्या गावात श्रावणात पोथी लागते, आमच्याकडे विहारात वर्षावासात ग्रंथ लागतो. रीत दोन्हीकडे एकच. एकदा ऐकायला बसलं की समाप्तीपर्यंत उठायचं नाही. गावाला गेलेला माणूससुद्धा वाचनाच्या वेळेला परत येतो, आणि समाप्तीला जेवण असतं, खीर असते. हे रक्तातच असतं आमच्याकडे. “मंग मोठ्यानं वाचा,” गोदाबाई म्हणाल्या आणि बोलता बोलता त्यांनी हात पुढे केला. काकांनी एक अध्याय वाचला. मी गुपचूप सुया लावून घेतल्या.

शुक्रवारी त्या आपण होऊन आल्या. गजेंद्रला आणि मला समोर उभं केलं आणि सांगितलं, “मी समाप्तीपावतर येईन. पोथी अध्धी सोडू नाही. पन समाप्ती झाली का मंग मले कोनी चाल म्हनू नोका. बोला, कबूल?”

गजेंद्र चटकन म्हणाला, “कबूल, माय.” पुस्तकाची जाडी त्याने बघितली होती. तसले सात, आणि येण्याचे दिवस आठवड्यातून दोन. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जणू आईला आणखी पुष्कळ वर्षं मिळाली. खरं सांगते, मलाही तेच वाटलं.

मग सुरू झालं पारायण. काकांचा एक हात सुयांत अडकलेला, म्हणून पुस्तक उशीला टेकवायचं आणि पान मी उलटायचं. मी करवादायचे, “मले पगार काय पानं उलटाचा भेटते?” तरी उलटायचे. काका मुद्दाम गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायचे. राजांच्या वंशावळ्या वाचायचे, नकाशातल्या नद्यांची नावं वाचायचे, पुस्तक कुठे छापलं तेसुद्धा वाचायचे आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचे. गोदाबाई छापखान्याच्या पत्त्यालाही मान डोलवायच्या.

त्यांना राजांचं काही नव्हतं. “राजे लोकं हायेत, ते लढतीनच,” म्हणायच्या. त्यांचा जीव गुंतला तालिनमध्ये. तालिन म्हणजे मीठ वाहून पोट भरणारी एक बाई, आणि तिचा सहा पायांचा बैल, गोंबर. गोदाबाई त्याला गोमा म्हणायच्या. पोळ्याच्या आठवड्यात त्यांनी काकांकडून गोमाचं सगळं वर्णन पुन्हा वाचून घेतलं आणि घरून झूल शिवून आणायची तेवढी बाकी ठेवली. तिसऱ्या खंडाच्या शेवटी हा गोमा मिठाच्या चिखलात रुतून मेला. गोदाबाईंचं बीपी धाडकन खाली आलं. मी त्यांचे पाय वर केले, सलाइन सोडलं आणि काकांवर ओरडले, “तुमाले थो बैल आजच माराचा होता काय?”

काका ओशाळून म्हणाले, “मी कायले मारतो, शिस्टर? त्या मांजरवाल्यानं मारला.”

चौथा खंड संपला आणि घोडं अडलं. मराठीत पुढचे खंड निघालेच नाहीत. खपत नाहीत म्हणे. काका जे भडकले! “गाडी डेपोतून काहाडली तं शेवटच्या स्टापापावतर न्या लागते. अध्ध्या रस्त्यात पाशिंजर उतरवून देनारा ड्रायवर मी जिंदगीत पाह्यला नाही.” अश्विनने पाचवा आणि सहावा पाठवले, पण इंग्रजीतले. काकांना इंग्रजी येत नव्हतं. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

इंग्रजीशी माझी सोयरीक औषधांच्या नावांपुरती. तरी मी पोरीची डिक्शनरी घेतली. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता, ऑटोत बसल्या बसल्या, सासूच्या गुडघ्याला तेल लावता लावता वाचलं आणि वॉर्डात येऊन तोंडी सांगितलं. पुस्तकातली ती भारी भाषा मला कुठून जमणार? माझी तालिन चांदूर बाजारच्या आठवडी बाजारातल्या बायांसारखी बोलायची आणि भावात घासाघीस करायची. काकांना ती जास्त आवडली. इतर खाटांवरचे लोकही मान वळवून ऐकायला लागले.

सहावा खंड निम्म्यावर असताना काका गेले. घरी, सुटीच्या दिवशी, चहाचा कप हातात असताना. त्याआधीच्या शुक्रवारी सुया काढताना मला म्हणाले होते, “शिस्टर, माय भोळी हाये. पोथी संपू देऊ नोका.” मी म्हटलं होतं, तुम्ही आहात ना, मला काय सांगता. आठवड्याने सुंदराबाई सगळे खंड खाकी पिशवीत घालून आली. “या पुस्तकायचं मी काय करू, शिस्टर? रद्दीत द्याले हात होत नाही.” मी ती पिशवी कपाटावर ठेवली आणि संडासात जाऊन रडले. त्या माणसावर माझा जीव होता.

सहावा संपला. सातवा नव्हताच.

मोबाइलवर शोधून शोधून थकले. मांजरवाल्याने कित्येक वर्षांत सातवा लिहिलाच नव्हता. जगभरचे लोक त्याच्या नावाने बोटं मोडत होते. कुणी हातापाया पडत होते, कुणी म्हणत होते, हा बुवा आमच्या आधी जाणार आणि आम्हाला लटकवून जाणार. म्हातारा दरवर्षी सांगायचा, लिहून राहिलो म्हणून. कुणाचाच विश्वास नव्हता.

आता बघा कसं झालं. पोथी संपली म्हटलं, तर गोदाबाई येणं बंद करणार. येणं बंद झालं की पुढे काय, हे मला सांगायला डॉक्टर नको. आणि सांगत राहावं, तर सांगायला काही नाही. मग मी मनानेच सांगायला लागले. एक मिठाचा डोंगर उभा केला आणि त्याला वळसा घालण्यात सगळा पावसाळा काढला. डोंगरावर किल्ला, किल्ल्यात एक चष्मेवाली जाडी राणी, जी सगळ्यांच्या रजा नामंजूर करते. नितेश मास्क डोळ्यांपर्यंत ओढून हसायचा, कारण आमची मेट्रन थेट तशीच. राणीच्या शिपायांचे पगार थकायचे, किल्ल्यातला पाण्याचा प्लांट बंद पडायचा.

फार दमले मी त्यात. दिवसभर पायांवर उभं राहायचं, घरी जाऊन भाकरी थापायच्या, आणि थापताना डोक्यात हेच, की शुक्रवारी तालिनला न्यावं कुठे? एकदा तर भाकर करपली आणि सासू म्हणाली, तुहं ध्यान कुठं हाये वं पौर्णिमा. काय सांगणार होते तिला? लोक त्या मांजरवाल्याला शिव्या घालायचे, मला त्याची कीव यायला लागली होती. बसला असेल बिचारा मांजर घेऊन, सुचत नसेल काही.

तर हा तो वजनकाट्यावरचा मंगळवार. गोदाबाईंच्या हातातली शीर हल्ली साथ देत नव्हती. तीन वेळा टोचलं तेव्हा कुठे सुई लागली. डॉक्टर येऊन सांगून गेले, की पुढच्या वेळेपासून मानेत नळी टाकावी लागेल. गोदाबाईंनी ऐकलं आणि पदर मानेभोवती ओढून घेतला. मी मशीन सुरू केलं, स्टूल ओढलं आणि डोकं ठिकाणावर नसताना सांगायला बसले.

“मंग तालिननं गोमाच्या पाठीवर हात फिरवला आन म्हनली, चाल बावा, आता उतार लागला.”

गोदाबाईंनी डोळे उघडले. “कोनाच्या पाठीवर?”

“गोमाच्या.”

“गोमा तं मेला ना, पोरी.”

नितेश पलीकडच्या मशीनशी काहीतरी खुडबुड करायला लागला.

“दुसरा होता थो,” मी म्हटलं. “त्याचा भाऊ.”

“मी त्या दिवशी घरी जाऊन जेवली नवती,” गोदाबाई म्हणाल्या. “अन तू म्हनतं भाऊ.” मग अगदी हळू आवाजात, “तू मनानं सांगून राहिली. मले कवाचं मालूम हाये.”

“कवापासून?”

“ड्रायवर भाऊ गेले, त्याच्या थोडं मांगून. तू सांगताना छताकडे पाहतं. आन थे चष्म्यावाली रानी मी सोता पाह्यली वं. वऱ्हांड्यात उभी राहून झाडूवालीले झापून राहिली होती.”

नितेश फिस्सकन हसला. मला हसू आलं नाही. मला भयंकर राग आला. रात्रंदिवस डोकं पिकवलं होतं मी.

“मालूम होतं तं येत कावून राहिल्या तुमी? एवढ्या दुरून? कायच्यासाठी?”

“तू सांगून राहिली होती ना,” त्या म्हणाल्या. “सांगनाऱ्याच्या समोरून ऐकनाऱ्यानं उठू नाही. तुले वाईट वाटलं असतं.”

म्हणजे इतके महिने मला वाटत होतं, मी हिला ओढून धरलंय. आणि ही, टोचून घेऊन, पायात गोळे येत असताना, माझं मन राखायला येत होती. मी खाली मान घालून तिच्या हाताची पट्टी उगाच नीट करत राहिले. मग सगळं सांगून टाकलं. सातवा खंड नाही. लिहिलाच नाही त्याने. लोक शिव्या घालतात, तरी लिहीत नाही.

“कावून?”

“कोन जाने. म्हातारा झाला.”

“थकला असन बिचारा,” गोदाबाई म्हणाल्या. “इतल्या लोकाईले चालवत चालवत आनलं. थकन नाही काय मानूस? शिव्या कायले देतेत? सोडा म्हना त्याले.”

मी उठून मशीनवरचे आकडे वहीत उतरवले.

“तू करून टाक समाप्ती,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी.”

“मी नाही करत.”

“मंग कोन करनार? भाऊ गेले. थो मांजरवाला काई इथं येत नाही.”

“मले मालूम हाये समाप्तीच्या मांगून काय हाये थे! माह्या हातून नाही होनार. माह्यावर पाप नोका टाकू, आजी.” माझा आवाज चढला. सगळा वॉर्ड बघायला लागला.

“पाप नाही वं माय. मानेत नयी घालून मी कोनती पोथी ऐकू? मले घरी जाऊ दे. वावरात पराटीले कापूस फुटला असन. दारात खाट टाकून पडीन, सून चार घास देईन, नातू येतीन-जातीन. समाप्ती झाल्याबिगर मले उठता येत नाही. तूच बसवलं, तूच उठव.”

स्टोअररूमचं दार लावून मी किती वेळ बसले, आठवत नाही. मग डॉक्टरांना सांगितलं. ते चांगले आहेत. खुर्ची घेऊन गोदाबाईंजवळ बसले, पुढे काय काय होईल ते एकेक करून सांगितलं, काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या, “समजते मले.” डॉक्टरांनी गजेंद्रलाही बोलावलं, त्रास होऊ लागला तर काय द्यायचं, कुणाला फोन करायचा, सगळं सांगितलं. तो नंतर बाहेरच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ चपलेच्या टोकाने माती उकरत होता.

“शिस्टर, मी कबूल तं केलं होतं,” तो म्हणाला. “पन मले वाटलं, सात पोथ्या म्हंजे कायच्या संपतेत.”

बुधवार-गुरुवार मी शेवट शोधत होते. मोठी लढाई लावावी का? राक्षस मारावा, समुद्र खळाळत परत आणावा? आकाशातून देव उतरवावा? काही पटेना. गुरुवारी संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी सासूला विचारलं, की तुम्ही खूप चाललात आणि जिथं जायचं तिथं पोचलात, तर पहिलं काय कराल? ती म्हणाली, “बसीन.” आणि मेथीची काडी तोडली.

शुक्रवारी सुंदराबाईला फोन करून बोलावलं. समाप्ती म्हटल्यावर प्रसाद हवा, आणि आमच्या पेशंटना नारळ चालत नाही, केळं चालत नाही, खीर तर नावच नको. तिने खडीसाखरेची पुडी आणली आणि शुगरवाल्यांना नुसते हात जोडायला लावले. गोदाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मानेत नळी नको म्हणाल्या होत्या, म्हणून हातालाच टोचलं, आणि सुई त्या दिवशी पहिल्याच वेळेला लागली. मला तेही बघवलं नाही.

मी कपाटावरून सहाव्या खंडाचं पुस्तक काढलं आणि मांडीवर ठेवलं. उघडलं नाही. छताकडेही बघितलं नाही. त्यांच्याकडे बघून सांगितलं. डोंगराचा वळसा संपला. उतार लागला. मागून सगळी माणसं येत होती, राजे, शिपाई, थकलेल्या पगाराचे, बिनपगाराचे. पुढे तालिन एकटीच. आणि पाणी दिसलं. फार नव्हतं, घोट्याएवढं असेल.

“खारं का गोडं?” पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी विचारलं.

“गोडं,” मी म्हटलं. “तालिन पान्यात गेली. पाठीवरचं मीठ तिनं खाली ठेवलं. पोत्यातलं मीठ पान्यात विरघळून गेलं, पन तिनं मांगं वळून पाह्यलं नाही. मंग थे बसली. तशीच, पान्यातच. मांगून राजा आला, शिपाई आले. कोनी तिले ऊठ म्हनलं नाही.”

मशीन घरघरत होतं. गोदाबाई डोळे मिटून पडल्या होत्या.

“झालं?”

“झालं, आजी.”

“फलश्रुती?”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. प्रत्येक पोथीच्या शेवटी सांगावं लागतं, की ऐकणाऱ्याला काय मिळालं. कुणाला पुत्र मिळतो, कुणाचं दुखणं हरतं. इथं मी काय सांगू? कोणत्या तोंडाने सांगू? नितेश माझ्याकडे बघत होता, गोदाबाई वाट बघत होत्या. शेवटी सुंदराबाईच पदराने नाक पुसत बोलली.

“ऐकनाऱ्याचा टाइम बरा गेला,” ती म्हणाली. “आमच्या मालकायचा तं लय बरा गेला.”

“खरं हाये,” गोदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हात जोडले.

चार तास भरले. मी सुया काढल्या, कापसाचा बोळा दाबून धरला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ दाबून धरला असेल. त्या उठून बसल्या, पाय खाली सोडले आणि गजेंद्रला खूण केली. त्याने पिशवीतून एक हिरवं पातळ आणि नारळ काढला.

“आजी, आमच्यात ओटी भरत नाहीत,” मी म्हटलं.

“ओटी नाही वं. वाचकाचा मान हाये थो. मान तं सगळ्याईतच असते.”

आणि मला काही कळायच्या आत त्या वाकल्या. मी मागे सरकले, पण मागे मशीन होतं. ज्या घरांच्या ओसरीवर माझ्या आजीला पाय ठेवू देत नव्हते, तसल्या घरातली, माझ्या आईच्या वयाची बाई माझ्या पायांवर डोकं ठेवत होती. माझ्या हातात रक्ताळलेले ग्लोव्हज होते. तिला धरताही येईना. सुंदराबाईने तिला खांद्याला धरून उठवलं, तेव्हा कुठे मी ग्लोव्हज ओढून काढले आणि तिला छातीशी धरलं. काहीच वजन नव्हतं त्या बाईचं.

दारापाशी गजेंद्र वळला. सवयीने विचारून गेला, “शिस्टर, मंगळवारी किती वाजता आनू?”

मग त्याचं त्यालाच आठवलं आणि चेहरा एकदम पडला.

“चाल रे बाप्पा,” गोदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याचा हात धरला. “एक वाजताची बस भेटते.”

ती दोघं वऱ्हांड्यातून गेली. म्हातारी पुढे, पोरगा मागे. जिन्याच्या वळणावर दिसेनाशी झाली. दुपारच्या पाळीचे लोक बाहेर केव्हाचे ताटकळत होते. त्यातल्या एकाने दारातून डोकं आत घातलं.

“शिस्टर, झाली काय खाट खाली? घेऊ काय आमच्या पेशंटले?”

“थांबा,” मी म्हटलं. “थांबा जरासे.” हातात तो नारळ होता, आणि कुठे ठेवावा ते मला सुचत नव्हतं.